विंडोज ११ टाकायच्या आधी बाबांचे श्रीलिपीतले लेख कसे जपू?

रानजाई:
नमस्कार मंडळी. घरच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला, म्हणून रविवारी ११ टाकायचं ठरवलंय. त्यात बाबांनी श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेले लेख आणि ६० जीबी फोटो आहेत. बाबा आता नाहीत, गेलं ते गेलंच. गूगलची फुकटची १५ जीबी जागा भरलीये. पेन ड्राइव्हवर भागेल का? दुकानदार म्हणतो, फायली जागेवरच राहतात.

भरती_ओहोटी:
ताई, एकट्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका. १ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या, लेख तेवढे पेन ड्राइव्हवरही ठेवा. कॉपीच करा, कट नको. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हमखास विसरले जातात. मग दोन्हीकडची फायलींची संख्या जुळवा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर दहाबारा फायली उघडून पाहा आणि अपग्रेडच्या वेळी डिस्क काढून ठेवा.
दुकानदाराला आधी विचारा, अपग्रेड करणार की फॉरमॅट? अपग्रेडमध्ये फायली राहतात हे खरं, पण मध्येच काही बिघडलं तर? बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

जुनी_वही:
श्रीलिपीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. त्या फायलींत युनिकोडसारखी (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) मराठी अक्षरं साठवलेली नसतात. आत भलतेच कोड असतात, मराठी रूप फाँट देतो. फाँट गेला की फाइल शाबूत असूनही वाचता येत नाही. आमच्या मंडळाचे जुने अहवाल असेच अडकले होते, फाँट शोधण्यात दोन महिने गेले. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात फाँट्स आहे, त्यातले श्रीलिपीचे सगळे फाँट कॉपी करा. सेटअपची सीडी, डाँगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी छोटी किल्ली) असेल तर तेही जपा. आणि आत्ता सगळं नीट दिसतंय तोवर प्रत्येक लेखाची पीडीएफ करा, तिच्यात फाँट सोबत जातो. युनिकोडमध्ये नंतर सावकाश बदलता येईल.

रानजाई:
दोघांचे मनापासून आभार. डिस्क आणली. भावाकडे पहिली फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, पोटात गोळाच आला. फाँट टाकला आणि बाबांचा विहिरीवरचा लेख समोर आला. पीडीएफ निम्म्या झाल्यात. रविवार पुढे ढकललाय.