मंगळाची हवा इतकी विरळ का? नुसत्या गुरुत्वाकर्षणाने उत्तर जमत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जिथे शोधावं तिथे एकच उत्तर मिळतं: ग्रह लहान, गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून हवा निसटली. मंगळाचा मुक्तिवेग (ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग) सेकंदाला ५ किलोमीटर, पृथ्वीचा ११.२, आणि मंगळावर हवेचा दाब जेमतेम ६ मिलिबार, म्हणजे आपल्या एक टक्क्याहूनही कमी. इथवर पटतं. पण शनीचा टायटन विचारात घेतला की सगळं गणित फिसकटतं. त्याचा मुक्तिवेग २.६, मंगळाच्या साधारण निम्मा, तरी पृष्ठभागावर दाब पृथ्वीच्या दीडपट! तो उपग्रह आहे हे मान्य, पण वायूच्या रेणूंसाठी त्याने काही फरक पडू नये.

दुसरं कारण चुंबकीय क्षेत्राचं सांगतात. मंगळाचं ते सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी संपलं आणि सौरवाऱ्याने, म्हणजे सूर्याकडून सतत येणाऱ्या भारित कणांच्या झोताने, हवा ओरबाडून नेली. मग शुक्राचं काय? त्याला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र नाही, सूर्याच्या मंगळापेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि दाब पृथ्वीच्या ९० पटींहून जास्त. जाणकारांनी कृपया नीट उलगडून सांगावं.

प्रतिसाद:

प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मुक्तिवेग एकटा बघू नका, त्याच्यासमोर रेणूंचा वेग ठेवा. टायटनवर उणे १७९ अंश सेल्सिअस, शिवाय पृथ्वीच्या साधारण एक टक्काच सूर्यप्रकाश. तिथला नायट्रोजन इतका संथ असतो की कमी मुक्तिवेगही त्याला धरून ठेवायला पुरतो.

मंगळाची गोष्ट मला जास्त रंजक वाटते. कार्बन डायऑक्साइड जड, नुसत्या उष्णतेने तो तिथूनही सुटत नाही. पण वरच्या थरात सूर्याचे अतिनील किरण त्याचे तुकडे करतात आणि ऑक्सिजनचे आयन (विद्युतभारित कण) तयार होतात. दोन अणूंचा असा आयन इलेक्ट्रॉनला भेटला की फुटतो आणि दोन्ही अणू सेकंदाला ६ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने उडू शकतात. मंगळावरून पळायला तेवढं पुरतं. शुक्रावरही हीच क्रिया होते, पण तिथे मुक्तिवेग १०.४ आहे, त्यामुळे तेच अणू परत खाली येतात. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं उत्तर खरं आहे, फक्त अर्धवट आहे.

हे अंदाजावर सोडलेलं नाही. नासाचं मेव्हन यान २०१४ मध्ये मंगळापाशी पोचलं. त्याने आरगॉन मोजला, कारण तो कशाशीच संयोग पावत नाही, खडकात मुरत नाही. कमी झाला तर अवकाशातच गेला. हलका आरगॉन-३६ जास्त सहज सुटतो, म्हणून तो आणि जड आरगॉन-३८ यांच्या प्रमाणावरून २०१७ मध्ये निष्कर्ष निघाला की मंगळाचा सुमारे ६५ टक्के आरगॉन उडून गेला आहे.

चुंबकीय कवचाला मी फार महत्त्व देणार नाही, शुक्रच त्याचा पुरावा. त्यापेक्षा पुरवठा बघा. ज्वालामुखी थंडावले की गेलेल्या हवेची भरपाई होत नाही.

धागाकर्ता:

मनापासून आभार, आरगॉनची युक्ती फारच आवडली. आता पुढचा प्रश्न. ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू (लहान, थंड) ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ट्रॅपिस्ट-१ बी या खडकाळ ग्रहाची दिवसाची बाजू जेम्स वेब दुर्बिणीने मोजली, तेव्हा ती इतकी तापलेली निघाली की उष्णता पसरवणारं दाट वातावरण तिथे असण्याची शक्यता फारशी उरली नाही. त्याच ताऱ्याचे लांबचे, थंड ग्रह हवा टिकवून असतील का, की लाल बटू ताऱ्यांच्या उद्रेकांपुढे अंतराचाही उपयोग होत नाही?