पिकअपला बाहेरचा ऑइल फिल्टर: आटे बसले म्हणजे झालं का?

घाटमाथा
बोलेरो पिकअप, डिझेल, वॉरंटी संपलीय. कंपनीचा फिल्टर तालुक्याला वेळेवर मिळत नाही. दुकानदार तीन डबे पुढ्यात ठेवतो आणि म्हणतो, "आटे बसले की झालं." खरंच का? आणि थोडा मोठा डबा चालेल?

पाना_१९
आटे "बसतात" तिथंच माणूस फसतो. एम २० × १.५ (२० मिमी व्यास, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) आणि ३/४ इंच-१६ (पाऊण इंच व्यास, इंचाला १६ आटे) ही दोन मापं डोळ्यांना जुळी दिसतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी. त्या मापाच्या स्टडवर, म्हणजे इंजिनावरच्या आट्याच्या नळीवर, एम २० चा डबा चढतो, आवळल्यासारखाही वाटतो, पण आट्यांची पकड अर्धवट राहते. सकाळी ऑइल गार आणि दाट, दाब जास्त. तेव्हा डबा निसटला तर सगळं ऑइल रस्त्यावर. चढवताना डगडगला की परत करा.

जुन्या डब्यावरचा नंबर घेऊन जा. बॉश, एलोफिक, फ्लीटगार्ड यांच्या कॅटलॉगमध्ये गाडीप्रमाणे नंबर मिळतो. रंग-उंची बघून घेऊ नका.

काळंतेल
आतल्या दोन झडपा विसरू नका. बायपास: डब्यातला गाळणीचा कागद चोंदला की ती उघडते आणि न गाळलेलं का होईना, ऑइल बेअरिंगला पोचतं. काही इंजिनांत ती ब्लॉकवर (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर) असते, काहींत फिल्टरमध्येच. दोन्हीकडे नसली तर कागद फाटतो किंवा बेअरिंग कोरडं पडतं.

दुसरी अँटी-ड्रेनबॅक, म्हणजे इंजिन बंद असताना डब्यातलं ऑइल मागे उतरू न देणारा रबरी पडदा. साधं नायट्राइल उष्णतेनं कडक होतं, सिलिकॉन जास्त टिकतं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी ऑइलचा दिवा रेंगाळला आणि वरून खडखड आली, तर आधी याच पडद्यावर संशय घ्या. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर याचा त्रास कमी.

मोठा डबा चालतो, पण आटे, रबर रिंगचा व्यास आणि बायपास उघडण्याचा दाब तोच हवा. खाली लोंबून दगड खाणारा नको. त्याच्या भरवशावर ऑइल बदली मात्र लांबवू नका. डिझेलची बारीक काजळी कागदातून आरपार जाते.

घाटमाथा
बसवताना काय चुकतं? गॅरेजवाला पान्यानं करकचून आवळतो.

पाना_१९
तीच चूक. पुढच्या वेळी डबा पिचकतो, सुटत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुनी रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते. मग गळती ठरलेली. जागा फडक्यानं पुसा, नव्या रिंगला ऑइलचा हात लावा, रिंग टेकल्यावर हातानं साधारण पाऊण फेरा. डब्यावर वेगळं छापलं असेल तर ते पाळा. गाडी मिनिटभर आयडलला ठेवा, गळती बघा, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक.

काळंतेल
जुना डबा फेकण्याआधी कापून कागद उलगडा. हॅकसॉ नको, त्याचाच कीस आत पडतो. फिल्टर कटर वापरा. चुंबकाला चिकटणारा कण लोखंडाचा. न चिकटणारा तांबूस दिसला तर बेअरिंग बघून घ्या, फिल्टरचा ब्रँड नंतर.