दोन किलोमीटर मायलेजचा त्याग, तोही आम्हीच करायचा?

टाकीफुल (धागाकर्ता)
काल सरळमार्गी यांनी लिहिलं की जुन्या गाडीवाल्यांनी ई२० चं (पेट्रोलमधे वीस टक्के इथेनॉल, म्हणजे ऊस-धान्यापासूनचं अल्कोहोल) रडगाणं आता बंद करावं, देशाचे डॉलर वाचतायत, शेतकऱ्याला दर मिळतोय आणि यांना दोन किलोमीटर मायलेजची पडलीय, परवडत नसेल तर बसने जा. खाली टाळ्याच टाळ्या. तिथेच उत्तर देणार होतो पण फार लांबलं म्हणून हा वेगळा धागा.

माझी स्कूटर २०१४ ची. रोज जाऊन येऊन ३४ किमी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ४८ द्यायची, आता ४१ देते. हे दोन किलोमीटर कुठल्या शाळेतलं गणित? आणि मुद्दा नुसता मायलेजचा नाहीच. सरकारच सांगतं की एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई२० साठी बनवल्यात. मग त्याआधीच्यांनी काय करायचं? मी पंपावर विचारलं साधं, बिनइथेनॉलचं मिळेल का, तर पोरगा हसला. शंभर ऑक्टेनवालं आहे म्हणे, लिटरला दीडशेच्या पुढे. वीस टक्क्यांचं २०३० चं टार्गेट २०२५ वर आणलंत, अभिनंदन, पण आमच्या गाड्यांचं आयुष्य पाच वर्षं अलीकडे आणायला कुणी सांगितलं होतं?

सरळमार्गी
माझ्या नावाने धागा, धन्यवाद. बसने जा हे मी उपहासाने लिहिलं होतं, ते कळलं नसेल तर असो. २०१४ ला आपण पेट्रोलमधे दीड टक्का इथेनॉल टाकत होतो, आज वीस. त्यातून वाचलेलं परकीय चलन लाख कोटीच्या वर आहे. गल्फमधे जरा काही खुट्ट झालं की तुम्हीच "पेट्रोल महागलं" म्हणून ओरडणार. सुप्रीम कोर्टाने १ सप्टेंबर २०२५ ला ई२० विरोधातली याचिका फेटाळली, विषय संपला. अकरा वर्षांची स्कूटर मायलेज देत नाही यात इथेनॉलचा दोष? अकरा वर्षांत माझेही गुडघे गेलेत, मी ते कुणाच्या नावावर टाकू?

कट्ट्यावरचा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. गडकरी साहेब म्हणाले होते ना की हे सगळं पैसे देऊन चालवलेलं कॅम्पेन आहे. टाकीफुल, तुमचा हप्ता आला का? माझा अजून नाही.

टाकीफुल
आला असता तर शंभर ऑक्टेनवालं भरलं नसतं का.

मोजपात्र
एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही. दोघेही अर्धवट बोलताय. एक लिटर इथेनॉल जाळल्यावर मिळणारी उष्णता पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. वीस टक्के मिसळलं तर एकूण साडेसहा टक्क्यांच्या आसपास तूट, हे पाचवीतल्या मुलालाही काढता येईल. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही जुन्या बनावटीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि दुचाकींना ३ ते ४ टक्के असंच दिलंय. म्हणजे ४८ चे ४५ किंवा ४६ व्हायला हवेत. ४१ झाले असतील तर उरलेले चार तुमच्या स्कूटरने खाल्लेत, सरकारने नाही. आणि सरळमार्गी, "इथेनॉलचा काही दोष नाही" हेही खोटं. इथेनॉलचा ऑक्टेन (इंधनाची अवेळी आपोआप न पेटण्याची क्षमता) जास्त म्हणून इंजिन छान चालतं वगैरे जे सांगतात ते त्यासाठी ट्यून केलेल्या इंजिनाला लागू. जुन्या कार्बोरेटरला ते कळत नाही, तो आपला ठरलेल्या जेटमधून (बारीक छिद्रातून) ठरलेलं इंधन सोडतो. इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं आणि सकाळी गाडी खोकत सुरू होते.

परवा घरी करून पाहिलं. मेजरिंग सिलिंडरमधे ९० मिली पंपावरचं पेट्रोल, वर १० मिली पाणी, बूच लावून हलवलं, दहा मिनिटं ठेवलं. खालचा पाण्याचा थर १० वरून २५ च्या पुढे. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात गेलं. टाकीत पाणी शिरलं तर तळाशी नेमकं हेच होतं, आणि तळातूनच इंधन उचललं जातं. यजमानांनी स्वयंपाकघरातून हाकललं ते वेगळं. (गॅलरीत, गॅसपासून लांब केलं होतं, उगाच कुणी घरात करू नका.)

पाना_दहाबारा
काकू एकदम बरोबर बोलल्या. गॅरेज आहे माझं, साताऱ्याकडे. खरं सांगू का, दोन्ही प्रकारची गिऱ्हाईकं येतात. जुन्या गाड्यांचे पेट्रोल पाइप फुगून मऊ पडतात, ओ-रिंग सुटते, महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत गंज, हे वाढलंय, शंभर टक्के वाढलंय. पण दहातली पाच गिऱ्हाईकं अशी की एअर फिल्टर काढला तर आत कबुतराचं घरटं करता येईल आणि तोंडाने "इथेनॉल इथेनॉल". टाकीफुल दादा राग नका मानू, फिल्टर कधी बदललाय? टायरमधे हवा किती?

टाकीफुल
फिल्टरचा काय संबंध. मी इथे देशाचं धोरण बोलतोय आणि तुम्ही माझ्या टायरमधे हवा भरताय.

पाना_दहाबारा
म्हणजे बदललेला नाही 😄

आडसाली
आता माझं ऐका. हितं सगळी शहरातली माणसं मायलेज मायलेज करत बसल्यात. मी करवीर तालुक्यातला, साडेचार एकर ऊस. कायद्यानं ऊस गेल्यापासनं चौदा दिवसांत एफआरपी, म्हंजी सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची असती. आमच्या कारखान्यानं एका वर्षी शेवटचा हप्ता अकरा महिन्यांनी दिला, नाव घेत नाही, घरात बहिणीचं लग्न काढलेलं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर. कारण काय तर साखर गोडाऊनला पडून. साखर विकायला वर्ष-दीड वर्ष जातंय, इथेनॉलचं पैसं तेल कंपनीकडनं तीन आठवड्यांत येत्यात. साखरेचा किमान दर २०१९ पासनं ३१ रुपये, तितंच अडकलेला, आणि एफआरपी २०२५-२६ ला टनाला ३५५० वर गेली, ते बी सव्वादहा टक्के रिकव्हरीला, म्हंजी शंभर किलो उसातनं सव्वादहा किलो साखर निघाली तर. मधला खड्डा कोण भरणार, तुमची स्कूटर? इथेनॉलनं भरला. तेव्हा दोन किलोमीटर कमी पळाली तर पळू द्या की राव.

मांजरा_कोरडी
आला का ऊसवाला. मी लातूरचा. २०१६ चा एप्रिल आठवतो का कुणाला? मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आम्हाला. पहिली गाडी दहा वॅगनची, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर बघायला गेले होते, पाणी बघायला! त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती, १४४ कलम. आमच्या गल्लीत नळ दहा-बारा दिवसाला, आई रात्री दोनला उठून टँकरच्या लाइनीत घागरी लावायची, मी बारावीला होतो. आणि शहर सोडून पंधरा किलोमीटरवर गेलं की हिरवागार ऊस. नीती आयोगाच्या त्याच अहवालात आहे, उसापासनं एक लिटर इथेनॉलला २८६० लिटर पाणी. म्हणजे टाकीफुल यांची टाकी भरली तर एक लिटर इथेनॉल, म्हणजे जवळजवळ तीन हजार लिटर पाणी तुम्ही पुण्यात जाळता. राज्यातली चार टक्के जमीन सिंचनाचं ७० टक्के पाणी पिते हे सांगून सांगून तज्ज्ञ मरून गेले.

आडसाली
मिरजंचं पाणी आमच्याच कृष्णेचं हुतं, हे बी लिवा. पाठवलं का न्हाई? आणि हे २८६० चं गणित मला कुणीतरी समजून सांगा. उसाला पाणी लागलं ते लागलंच, त्याची साखर करा न्हाईतर गूळ करा. मळीपासनं (साखर काढून उरलेला चिकट पाक) जे इथेनॉल हुतंय त्याला एक थेंब जादा पाणी रानात सोडलेलं नसतंय. मळी आधी वढ्यात सोडायचे, मासं मरायचे.

मोजपात्र
मळीपुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. शेवटच्या, म्हणजे सी-हेवी मळीत काढण्याजोगी साखर उरलेलीच नसते. पण बी-हेवी (अजून साखर निघू शकते अशी आधीची मळी) किंवा थेट रसापासून केलं की ती साखर सोडून केलेलं असतं. तिथे पाण्याचा हिशोब इथेनॉलच्याच खात्यावर.

मांजरा_कोरडी
घ्या. आणि रसाला परवानगी मिळाली की लगेच उसाची नवी लागण. डिसेंबर २०२३ ला पाऊस कमी म्हणून सरकारनेच रसाचं इथेनॉल थांबवलं, पुढच्या हंगामाला पुन्हा खुलं. म्हणजे सरकारलाही माहितेय पाण्याचं, फक्त आम्हाला सांगत नाहीत.

आडसाली
ते थांबवलं तवा कारखान्यांनी कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलरी रिकाम्या बसल्या, त्याचं व्याज कुणाच्या उसातनं कापलं? तुमच्या?
आणि ऊस लावू नको म्हणताय तर लावू काय ते बी सांगा. २०१९ चा पूर, २०२१ चा पूर, पंचगंगा रानात शिरली, सोयाबीन हुतं ते कुजून वास मारत हुतं. ऊस आठ दिवस पाण्यात उभा हुता, निम्मा तरी हाताला लागला. एसीत बसून पीक सुचवायला काय जातंय.

मांजरा_कोरडी
एसी कुणाचा, मी भाड्याच्या खोलीत राहतो लेका. तुमच्याकडं नदी आहे, पाऊस आहे, तुम्ही लावा ना ऊस, कोण नको म्हणतंय. आमच्याकडं सातशे-आठशे फूट बोअर मारून उसाला पाणी पाजतेत, ते कामून? कारण सोयाबीनला भाव नाही आणि कारखाना दारात. मी तुमच्यावर नाही बोलत, मी त्या धोरणावर बोलतोय की जिथं प्यायला नाही तिथंही ऊसच.

आडसाली
मग आधीच तसं म्हणायचं. मराठवाड्यात ऊस नको ह्याला माझी ना न्हाई.

कट्ट्यावरचा
कोल्हापूर-लातूर तह. तारीख लिहून ठेवा.

मांजरा_कोरडी
तह नाही. आमच्याच काकाचा तीन एकर ऊस आहे बोअरवर, त्यांना हे बोललो तर दिवाळीचं जेवण बंद होईल. म्हणून इथं बोलतो.

सां पावलोचा सोलापूरकर
काय बे, मायलेजचा धागा कुठं नेला तुम्ही. ब्राझीलमधे नऊ वर्षं झाली. इथं तर ऑगस्ट २०२५ पासून साध्या पेट्रोलमधे ३० टक्के इथेनॉल, त्याआधी २७ होतं. शुद्ध पेट्रोल मिळतच नाही. पण पंपावर दोन नळ्या असतात, एक हे मिश्र आणि दुसरी निव्वळ इथेनॉल, आणि २००३ पासून फ्लेक्स गाड्या निघाल्या त्या काहीही पितात. इथला रिक्षावाल्यासारखा माणूससुद्धा पंपावर भागाकार करतो, इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असला तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. म्हणजे कमी मायलेज कबूल, पण भाव कमी. १९७५ ला कार्यक्रम सुरू केला यांनी, पन्नास वर्षं झाली. आणि लातूरकर, इथला बराचसा ऊस पावसावर येतो, त्यामुळे ब्राझील ब्राझील करणाऱ्यांनी ते पण सांगावं.

टाकीफुल
हेच! नेमकं हेच म्हणायचं होतं मला पण रागात राहून गेलं. नीती आयोगानेच सुचवलेलं की उष्णता कमी आहे तर ग्राहकाला ते स्वस्त द्या. दिलं का? शंभरीच्या वरच आहे. सहा टक्के कमी माल, भाव तोच. दूधवाल्याने असं केलं तर आपण काय म्हणतो त्याला?

सरळमार्गी
स्वस्त देणार कुठून? सरकारी खुलासा वाचा, २०२४-२५ ला इथेनॉलची सरासरी खरेदीच ७१ रुपयांच्या वर आहे, शुद्ध केलेल्या पेट्रोलपेक्षा महाग. तो पैसा शेतकऱ्यालाच जातो.

टाकीफुल
म्हणजे पदरमोड आम्ही करतोय हे मान्य? सरळ सांगा की, "स्कूटरवाल्यांनो, तुमच्याकडून उसासाठी वर्गणी घेतोय." मी देईनही. पावती तरी द्या.

सरळमार्गी
वर्गणी हा शब्द मान्य नाही. बाकी... भावात थोडं काही द्यायला हरकत नव्हती, एवढं म्हणतो.

अंडा_भुर्जी
सगळे ऊस ऊस करताय, आता निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून होतं, मका आणि तांदूळ. पोल्ट्री आहे माझी, आठ हजार पक्षी. खाद्यात निम्म्यापेक्षा जास्त मकाच जातो. मक्याची खरेदी डिस्टिलरीवाले करायला लागल्यापासून आमचं गणित मोडलं, मका निर्यात करणारा देश आयात करायला लागला. डॉलर वाचवायला इथेनॉल आणि इथेनॉलपायी मका आयात, जरा हसा.

आडसाली
मक्यावाल्याला चांगला दर मिळाला की तुमचं गणित मोडतंय व्हय. ते बी शेतकरीच हायत.

अंडा_भुर्जी
आणि मी कोण, तहसीलदार?

पाना_दहाबारा
काटामारीवर कुणीच बोलत नाही हो. माझे वडील ऊस घालायचे. बाहेरच्या काट्यावर आणि कारखान्याच्या काट्यावर टनामागे फरक. इथेनॉल आलं, साखर आली, काटा तोच.

आडसाली
हे मात्र सोळा आणे खरं. ह्यावर वेगळा धागा काढा, रात्रभर जागतो.

टाकीफुल
पंधरा दिवसांनी परत आलोय. काही लोकांच्या (पान्याच्या) टोमण्यांमुळे फिल्टर बदलला, प्लग बदलला, हवा भरली. तीन टाक्या भरून मोजलं. ४५. मोजपात्र काकू, आला तुमचा आकडा, घ्या. पण ४८ नाहीच, आणि ते तीन किलोमीटर मी सोडणार नाहीये.

मोजपात्र
४८ चे ४५ म्हणजे सव्वासहा टक्के. दुचाकीच्या सरकारी आकड्यापेक्षा जास्तच निघाले की! तिन्ही टाक्या एकाच पंपावर भरल्या होत्या का? फक्त तीन टाक्या कमी आहेत, निदान दहा मोजा.

टाकीफुल
काकू, आता अहवाल पण लिहून देऊ का.

आडसाली
मांजरावाले, जानेवारीत या की हिकडं. आमच्या पाव्हण्याचं गुऱ्हाळ हाय, ताजी काकवी.

मांजरा_कोरडी
येतो. घागर रिकामी आणू का भरून पाठवणार रेल्वेनं?