साक्षांकन फॉर्ममध्ये चेक बाउन्सची केस लिहायची का?

निफाडचा_बागायतदार:
संरक्षण खात्याच्या एका उपक्रमात टेक्निशियन म्हणून माझी निवड झालीय. गारपिटीत बाग गेली तेव्हा खता-औषधांची उधारी फेडायला मी एका पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. सही केलेले कोरे चेक त्यांनी तेव्हाच ठेवून घेतले. हप्ते थकले, चेक वटला नाही, आता निफाड कोर्टात कलम १३८ ची केस चालू आहे. अटक वगैरे काही नाही, तारखेला हजर राहतो. नेमणुकीआधी पडताळणीसाठी भरून घेतात त्या साक्षांकन फॉर्ममध्ये विचारलंय की कोर्टात केस प्रलंबित आहे का. चुलतभाऊ म्हणतो, ‘पैशाची केस आहे, गुन्हा थोडाच आहे? नाही लिहून मोकळा हो.’ एका मोबाइल ॲपचं कर्जही थकलंय. फॉर्म सोमवारी द्यायचाय. काय करू?

जेलरोडचे_काका:
भाऊ, चुलतभावाचं अजिबात ऐकू नकोस. चेक बाउन्स ही फौजदारी केस आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे त्यात. त्यामुळे ‘प्रलंबित आहे का’ याला तुझं उत्तर ‘होय’च.

माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत गेली. अटक झाली होती का, खटला चालला का, दंड झाला का, परीक्षेला बंदी होती का, असे उपप्रश्न असतात. मुलं घाईत त्यांच्यापुढे एकाखाली एक ‘नाही’ लिहीत सुटतात. तो रकाना बघितला की माझ्या पोटात गोळा यायचा. फॉर्मच्या सुरुवातीलाच ताकीद छापलेली असते की खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र. ती कोणी वाचत नाही. पुढे फॉर्म पडताळणीला जातो आणि केस सापडली की प्रश्न कर्जाचा राहतच नाही, लपवलं का एवढाच उरतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल वकिलाकडून समजून घे. किरकोळ केस प्रलंबित असल्याचं उमेदवाराने स्वतः खरं सांगितलं, तर त्या केसच्या निकालाच्या अधीन राहून नेमणूक देता येते, असं त्यात आहे. देतीलच अशी खात्री मी देत नाही, तो अधिकार त्यांचा. पण ‘नाही’ लिहिलंस तर तो दरवाजा तूच बंद केलास.

वेगळ्या कागदावर केस नंबर, कोर्ट, कलम, पुढची तारीख लिही, समन्सची प्रत जोड. बाग गेली तेव्हाचा पंचनामा असेल तर तोही लाव. फॉर्म दिल्यावर काही नवीन घडलं तर तेही लगेच कळवावं लागतं.

ॲपच्या कर्जाचा रकाना नसेल तर ते लिहायची गरज नाही. न विचारलेली गोष्ट ‘लपवली’ म्हणता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. पण ते फेड बाबा. केंद्र सरकारच्या वर्तणूक नियमांत नियम १७ कर्जबाजारीपणावरच आहे. परिस्थिती हाताबाहेरची होती, उधळपट्टी नव्हती, हे कर्मचाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. उपक्रमांचे स्वतःचे नियम असतात, रुजू होताना ते वाच.

गंगापूररोड_ताई:
माझी भाची अमेरिकेची नागरिक, तिकडच्या संरक्षण खात्याच्या कामासाठी तिने क्लिअरन्सचा, म्हणजे गोपनीय कामासाठी लागणाऱ्या सुरक्षा परवानगीचा, एसएफ-८६ फॉर्म भरला. त्यात कर्जाचं थेट विचारतात, गेल्या सात वर्षांत कुठलं देणं १२० दिवसांपेक्षा जास्त थकलं होतं का. तिची हॉस्पिटलची बिलं थकली होती. तिने ती लिहिली, हप्ते बांधून घेतल्याचे कागद जोडले आणि क्लिअरन्स मिळाला. आजारपण, नोकरी जाणं अशी कारणं तिथे विचारात घेतात. मुद्दाम दडवलेलं मात्र वेगळं आणि जास्त गंभीर धरतात.

निफाडचा_बागायतदार:
काका, ताई, आभार. पंचनाम्याची प्रत घरात आहे. पतसंस्था लोकअदालतीत तडजोडीला तयार आहे. तोवर फॉर्म थांबवू का?

जेलरोडचे_काका:
थांबवू नकोस, मुदत चुकेल. आज जे आहे ते लिही, तडजोड झाली की आदेशाची प्रत अर्जासोबत दे आणि पोच घे. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स स्वतःजवळ ठेव.