कवडीमोल, कवडीचुंबक आणि फुटकी कवडी

बोरूबहाद्दर: 'कवडीमोल भावाने विकलं' असं सर्रास वाचायला मिळतं. मोल आलं की पुन्हा भाव कशाला? आणि कवडी जर चलन होती, तर तिच्याच नावाने हिणवायचं का?

सागरगोटा: पहिलं अगदी मान्य. 'कवडीमोलाने विकलं' एवढं पुरे. अर्थात पिवळा पीतांबर चालतो तिथे हेही खपणारच.

दुसऱ्याचं उत्तर भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. सुरुवातीच्या परिभाषेतच २० वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी सांगितली आहे. ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला १२८० कवड्या! कवडी ही मोजणीची शेवटची पायरी, तिच्या खाली काही नाही. म्हणून 'कवडीची किंमत नाही' म्हणजे या पायरीलाही पोचत नाही. दमडी आणि छदाम यांचंही तेच झालं.

जुनीवही: व्युत्पत्ती अशी: संस्कृत कपर्द, कपर्दिका, प्राकृतात कवड्ड, मग आपली कवडी. हिंदीतली कौडी त्याच घरातली, आणि इंग्रजीतली काउरी तिच्यावरूनच. रुद्राला 'कपर्दी' म्हणतात ते जटा कवडीसारख्या वळवलेल्या म्हणून. 'एक कपर्दिकही देणार नाही' हा जुना ठसका आता फारसा कुणी वापरत नाही, वाईट वाटतं.

बोरूबहाद्दर: आणि फुटकी कवडी? फुटली की बादच ना?

सागरगोटा: आपल्या म्हणीत बाद. पण मालदीवच्या कवड्या डच आणि इंग्रज जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत नेल्या, तिथे पाठ फोडून त्या दोऱ्यात ओवत, बऱ्याच ठिकाणी एका सरात ४०. म्हणजे तिथे फुटकीच चालायची! याच सरांनी गुलामही विकत घेतले गेले. घानाच्या आजच्या चलनाचं 'सेडी' हे नावही तिथल्या कवडीच्या शब्दावरून आलंय.

जुनीवही: अजून एक गंमत. इटालियनमध्ये कवडीला 'पोर्चेलाना' म्हणत. चिनी भांड्यांची चकाकी तशीच दिसली, म्हणून ती पोर्सेलिन झाली. ही चकाकी कुणी घासून आणलेली नसते. जिवंत गोगलगाय आपल्या अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी शिंपल्यावर ओढून घेते आणि त्यावर थर चढवत राहते, त्यामुळे वर शेवाळ वगैरे धरत नाही.

बोरूबहाद्दर: कवडीचुंबक राहिला. चुंबक म्हणजे लोहचुंबकातला, की चुंबन घेणारा?

सागरगोटा: मी चुंबन घेणाराच धरतो. कवडी ओठांशी धरून बसलेला कंजूष डोळ्यांपुढे उभा राहतो. लोहचुंबक धरला तरी अर्थ बिघडत नाही, फक्त चित्र फिकं होतं.

पाणकावळा: पैशाच्या नादात 'कवड्या' विसरलात की! कवड्या साप आणि कवड्या खंड्या. एकाच्या अंगावर फिकट पट्टे, दुसरा काळापांढरा. दोघांनाही मोलाशी काही देणंघेणं नाही, नाव निव्वळ रंगरूपावरून.