‘सीबीआयमधून बोलतोय’ : खरा फोन आणि तोतया फोन यांत फरक कुठे धरायचा?

चौकस
घरात दोघंच राहणाऱ्या सत्तरीपुढच्या आईवडिलांसाठी फोनशेजारी चिकटवायचा एक कागद करतोय. ‘अनोळखी फोन घेऊ नका’ लिहून उपयोग नाही, गॅसवाला आणि कुरिअरवालाही अनोळखीच. शिवाय पासपोर्टच्या पडताळणीसाठी ठाण्यातून खरोखर फोन येतो. मग खरा पोलीस ओळखायचा कसा? आणि पैसे गेलेच, तर पहिल्या तासात काय करायचं?

पायरीचा दगड
बोलणारा कोण आहे हे शोधत बसू नका, तो काय मागतोय ते बघा. खरा पोलीस ‘ठाण्यात या’ म्हणतो आणि फोन ठेवतो. तोतयाला तुम्ही फोन ठेवलेलाच परवडत नाही. म्हणून ‘कॅमेऱ्यासमोरून हलू नका’, ‘मुलाला सांगितलंत तर तोही अडकेल’ वगैरे. ही वाक्यं आली की फोन कापायचा, उत्तर द्यायचं नाही.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच ‘अटक’ करून बसवून ठेवणं, असा प्रकार कायद्यात नाहीच. चौकशीला बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली नोटीस निघते, आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलंय. अटक झालीच तर कलम ३६ प्रमाणे तिचा लेखी मेमो होतो, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. यातलं व्हिडिओ कॉलवर काय होणार? पीडीएफवरची राजमुद्रा, शिक्का, सही तपासण्यात वेळ घालवू नका, ती चांगलीच जमवलेली असते.

आधार क्रमांक आणि पत्ता धडाधड वाचून दाखवतात, तिथे माणूस गार पडतो. आधारची झेरॉक्स आपण लॉजपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत सगळीकडे वाटलेली असते, एवढंच त्यामागचं गुपित.

रेंजबाहेर
सुरुवात बहुतेकदा रेकॉर्ड केलेल्या आवाजाने होते: ‘दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, ९ दाबा.’ ट्राय (दूरसंचार नियामक) कुणाचाही नंबर बंद करत नाही, ते मोबाइल कंपनीचं काम. ९ दाबलं की आधी ‘ट्रायचा अधिकारी’, मग तो जोडून देतो ‘मुंबई पोलिसांना’. दुसरा नमुना तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडल्याचा.

ट्रूकॉलरवरचं नाव पुरावा धरू नका, ते लोकांनीच भरलेलं असतं. खाकीतला डीपी तर कुणीही लावतो. आणि ठाण्याचा नंबर ऐनवेळी गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. पोलिसांच्या सरकारी संकेतस्थळावरून आजच उतरवून कागदावर लिहा. नाहीतर सरळ ११२.

पैसे गेले नसतील तर संशयित कॉल ‘संचार साथी’ या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये नोंदवा. गेले असतील तर तिथे वेळ दवडू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा: १९३०.

काउंटर नंबर ३
पैशांची बाजू सांगतो. ‘पडताळणीपुरते पाठवा, परत मिळतील’ म्हणत मुदतठेव मोडायला लावतात आणि आरटीजीएस करवून घेतात. खातं कुणाचं? कुठल्यातरी ट्रेडर्सचं चालू खातं! सरकारी तपासाचे पैसे असल्या खात्यात जात नाहीत. काउंटरवर विचारलं तर ‘मुलाच्या फ्लॅटसाठी’ म्हणायचं, हेही पढवून पाठवतात. म्हणून कागदावर लिहाच: बँकेत खोटं कारण सांगायला लावणारा माणूस सरकारी नसतो.

गेलेली रक्कम काही मिनिटांत पुढच्या खात्यांमध्ये फुटते. म्हणून आधी १९३०, एफआयआर मागाहून. हाताशी ठेवा: रक्कम, वेळ, समोरचं खातं आणि यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक (आरटीजीएसचा २२ अक्षरी, यूपीआयचा १२ आकडी). त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने, जिथून पैसे गेले त्या आपल्या बँकेला कळवायचं. स्क्रीन शेअर केली असेल तर त्या फोनचं इंटरनेट बंद करून वेगळ्या फोनवरून बोला.

तक्रारीनंतर वाटेतल्या खात्यांत गोठवलेली रक्कम परत मिळवायला सहसा कोर्टाचा आदेश लागतो. ‘तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते’ यावर विसंबू नका. तो रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे पैसे तुम्हीच पाठवलेले असतात.

चौकस
मोठ्या टायपात तीन ओळी बसतायत: फोन कापा. मुलाला फोन करा. पैसे गेले तर १९३०. लाइन लागलीच नाही तर?

पायरीचा दगड
राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका आणि जवळच्या ठाण्यात जा. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर, हद्द न बघता) नोंदवायला सांगा.

चौथी ओळ जमली तर बघा. तक्रारीनंतर काही दिवसांनी ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तोही तोतयाच.