घरच्या मळ्यातलं गुऱ्हाळ: आठवेल ते लिहा

पाचोळा: दुकानात पिवळाधमक गूळ बघितला आणि मळ्यातलं गुऱ्हाळ आठवलं. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनो, लिहा. "काय मजा यायची" नको, कामाचं लिहा. सुरुवात मी करते. तोडलेला ऊस त्याच दिवशी चरकाला लागायला हवा. दोन दिवस बांधावर पडला की रसातली साखर मोडते, मग कितीही आटवा, गूळ मऊच. वाढ्याबरोबर (वरचा हिरवा पाला) शेंड्याची दोन-तीन कोवळी कांडीही छाटायची, तिथे गोडी कमी.

दुसरं_आधण: काहील (रस आटवायची मोठी कढई) काठोकाठ भरायची नाही! उकळी आली की फेस उसळतो. शेंगतेलाचे चार थेंब टाकले की बसतो. नाहीच बसला तर चुलीत चिपाड घालणाऱ्या जळव्याच्या नावाने बोंब, "चिपाड थांबव रेऽऽ" 😄

गुळव्याची_नात: खरं काम मळीचं. भेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळायची, पाण्याला तार सुटेपर्यंत. रस तापत आला की ते ओतायचं, घाण गोळा होऊन वर येते. ही पहिली मळी उकळी फुटायच्या आत काढायची. रस खळखळला की ती आत मिसळते, पुन्हा हाती लागत नाही, गूळ काळपट. चुन्याची निवळी बेतानंच. रसाचा आंबटपणा मरतो आणि गुळाला रवा धरतो, पण हात सैल सुटला तर रंग गेला आणि चवही.

बांधावरून: भाजीची भेंडी चालते का?

गुळव्याची_नात: चालते की. तोडे संपले की झाडं उपटून ठेवायची.

रिकामटेकडा: चुलवाणाच्या राखेत पुरलेली रताळी कुणीच लिहिली नाहीत?? निषेध

दुसरं_आधण: @रिकामटेकडा जाळ चालू असताना नाही, आधण (काहिलीतला पाक) उतरल्यावर पुरायची. आधी पुरली की वरून कोळसा, आत कच्ची.

कोसी_६७१: निम्मा गूळ रानातच ठरतो. खारवट जमीन किंवा उशिरा दिलेला युरिया, दोन्हींनी गूळ काळा पडतो, पावसाळ्यात पाणी सुटतं. तुरा आलेला ऊस आत पोकळ, रस कमी. लोळलेला तर नकोच. चांगल्या उसाच्या टनामागे १०० ते १२० किलो गूळ पडतो. उसाची को ८६०३२ ही जातही गुळाला चांगली.

पाचोळा: आणि तो पिवळाधमक?

कोसी_६७१: बहुतेक हायड्रॉस. सोडियम हायड्रोसल्फाइट. रसात टाकलं की रंग उजळतो, पण साठवणीत परत काळवंडतो. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि गिऱ्हाईक अजून रंगच बघून घेतंय. तांबूस-सोनेरी घ्या, खडा जिभेवर ठेवा, खारट लागला तर परत द्या.

जुना_चरक: पाक कधी उतरवायचा ते राहिलंच. थर्मामीटरवर ११८ ते १२० अंश. नसेल तर गार पाण्यात थेंब सोडा, बोटांनी गोळी करा, काहिलीच्या काठावर मारा. टण्ण वाजली की उतरवा. चपटी झाली तर अजून कच्चा. इथे पाच मिनिटं उशीर म्हणजे करपट वास, आणि तो जात नाही. म्हणून शेवटी जाळ आधीच ओढून घ्यायचा, काहील तापलेली असते, पाक खाली जाळ नसतानाही चढतो. मग वाफ्यात (पाक निववायचा उथळ हौद) ओतून निवू द्यायचा, आणि साच्यात ओलं फडकं घालून भरायचा. कोरड्या साच्यातनं ढेप सुटत नाही.

बांधावरून: फडकं पिळलेलं ना?

जुना_चरक: हो, घट्ट पिळून. पाणी राहिलं तर ढेपेला तिथेच बुरशी.

सुगरण_नाही: मी काकवीसाठी (पातळ गूळ) आलेय 🙈 बरणीच्या तळाला साखर बसलीय, टाकू का?

गुळव्याची_नात: टाकू नका बाई! काकवी १०५-१०६ अंशालाच काढतात, थंडीत खडे धरतात. बरणी कोमट पाण्यात ठेवा.

सुगरण_नाही: आणि वरती फेस?

गुळव्याची_नात: मग आंबली. ओला चमचा घातला असणार कुणीतरी.

सुगरण_नाही: कुणी ते माहितीये 😠 विचारते घरात

रिकामटेकडा: रताळ्यांबरोबर लागते मस्त, आंबायच्या आत